घरच्या तव्यावरचे गरम मटण-चीज सँडविच

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात १९३० साली पॅट ऑलिव्हिएरी या हॉटडॉग विक्रेत्याने मांसाचे पातळ काप कांद्याबरोबर परतून लांब पावात भरले, तेव्हापासून हे सँडविच तिथे रुजले. चीजची भर पुढे पडली. मूळ सँडविच बीफचे असते. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंशाच्या मांसावर बंदी असल्याने मी नाशिकमध्ये ते बोकडाच्या मटणाचे करतो.

चार सँडविचसाठी अर्धा किलो बोनलेस मटण लागते. खाटकाकडून मागच्या रानाचे (मांडीचे), शक्यतो कोवळ्या बोकडाचे मागून घ्यावे आणि तुकडे करू देऊ नयेत, अखंड गोळाच आणावा. तो पाऊण तास फ्रीझरमध्ये ठेवला की कडक होतो, पण दगड होत नाही. अशा वेळी धारदार सुरीने, मांसाच्या धाग्यांना आडवे, दोन-तीन मिलिमीटर जाडीचे काप निघतात. धाग्यांच्या दिशेने कापले तर कितीही शिजवा, घास चिवटच लागतो. कापांना एक चमचा कच्च्या पपईचा कीस चोळून वीस मिनिटे ठेवावे. त्याहून अधिक ठेवल्यास मटणाचा लगदा होतो. नंतर कीस झटकून काप कोरड्या फडक्याने टिपून घ्यावेत.

कांदे तीन, उभे चिरलेले. लासलगावच्या जिल्ह्यात राहून कोणताही कांदा चालेल असे म्हणणे मला जमणार नाही. कांदाचाळीत टिकणारा उन्हाळी कांदा मध्यम आचेवर पंधरा-वीस मिनिटांत तपकिरी व गोड होतो, तर पावसाळ्यानंतर येणाऱ्या लाल कांद्यात पाणी अधिक असल्याने त्याला जास्त वेळ द्यावा लागतो. तपकिरी झालेला कांदा बाजूला काढून ठेवावा.

आता बिडाचा तवा धूर निघेपर्यंत तापवून दोन चमचे तेल घालावे. पहिल्या वेळी घाईने मी सगळे मटण एकदम टाकले. तवा गार पडला, मटणाला पाणी सुटले आणि सँडविचऐवजी बेचव रस्सा समोर आला. म्हणून काप चार हप्त्यांत, एकमेकांना न चिकटवता पसरावेत, मिनिटभर अजिबात हलवू नयेत, खालून खरपूस रंग आला की उलटून आतला गुलाबीपणा जाईपर्यंत परतावेत. मीठ आणि भरड कुटलेली मिरी शेवटी.

पाव लांब आणि गोडसर नसलेला हवा. न मिळाल्यास लादी पावाची जोडी न तोडता चिरावी व लोण्यावर आतून कुरकुरीत भाजावी, म्हणजे मटणाचा रस पावात लगेच मुरत नाही. सर्व मटण व कांदा तव्यावर एकत्र करून चार ढीग करावेत आणि प्रत्येकावर प्रोसेस्ड चीजचे दोन स्लाइस ठेवावेत. मोझरेलाला तार सुटते खरी, पण प्रोसेस्ड चीज तेल न सोडता सारखे वितळते, म्हणून इथे तेच बरे. ढिगांवर उघडलेले पाव पालथे घालून, आच बंद करून अर्धा मिनिट झाकण ठेवावे. मग खालून उलथने सरकवून प्रत्येक सँडविच एका हिसक्यात उलटावे, बटर पेपरमध्ये घट्ट गुंडाळावे आणि दोन मिनिटांनी तिरके कापून गरमच वाढावे.