विधिमंडळातील कर्मचाऱ्यासाठी निरोपाचे गौरवपत्र कसे तयार करावे

विधेयकावर ते मांडणाऱ्या सदस्याचे नाव राहते; त्याचा मसुदा तपासणाऱ्या किंवा समितीचा अहवाल वेळेत सिद्ध करणाऱ्या कर्मचाऱ्याचे नाव सहसा कुठेच येत नाही. त्यामुळे निरोपाचे गौरवपत्र ही अनेकदा त्या कामाची एकमेव लेखी नोंद ठरते आणि ते ऐन वेळी उरकणे योग्य नाही.

सर्वप्रथम कर्मचारी सचिवालयाच्या स्थायी सेवेतला आहे की एखाद्या सदस्याच्या कार्यालयातला, हे लक्षात घ्यावे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ९८ नुसार संसदेच्या आणि अनुच्छेद १८७ नुसार राज्य विधिमंडळाच्या सभागृहांसाठी स्वतंत्र सचिवीय कर्मचारीवर्ग असतो. असा कर्मचारी सर्व पक्षांच्या सदस्यांना सारखीच सेवा देतो. म्हणून एखादा राजकीय विजय त्याच्या नावावर मांडला, तर गौरवाच्या भरात त्याच्या निःपक्षपातीपणावरच शंका घेतल्यासारखे होते. सदस्याच्या स्वीय सहायकाबाबत ही अडचण नसते. तेथे मतदारसंघातील कोणती कामे त्याने तडीस नेली, हे मोकळेपणाने लिहावे.

यानंतर माहिती जमवावी. सेवेतील पदे आणि त्यांची वर्षे आस्थापना शाखेकडून पडताळून घ्यावीत. खरी सामग्री मात्र सहकाऱ्यांकडे असते, आणि ती मिळवायची तर ‘ते कसे होते?’ असे न विचारता ‘ते रजेवर असले की कोणते काम अडत असे?’ असे विचारावे. उत्तरे नेमकी येतात.

लिहिताना ‘मोलाचे योगदान’ हे शब्द कटाक्षाने टाळावेत. ते कुणालाही चिकटवता येतात. त्याऐवजी ‘चर्चेच्या आदल्या संध्याकाळी आलेल्या दुरुस्ती-सूचना कलमवार लावून त्या सकाळी बैठकीपूर्वी सदस्यांच्या हाती देण्याची जबाबदारी त्यांनी सांभाळली’ असे, अर्थातच खरे असेल तेच, एखादे वाक्य लिहावे. असे दोन प्रसंग पुरेत. समितीच्या गोपनीय चर्चेतला तपशील किंवा सदस्याने खासगीत घेतलेला सल्ला कितीही रंजक असला, तरी वगळावा. मसुदा संबंधित कर्मचाऱ्याला आधी दाखवावा, कारण आयुष्यभर पडद्यामागे राहिलेल्या काहींना जाहीर स्तुती अवघड वाटते.

शेवटी तो गौरव अधिकृत नोंदीत येईल का, हे पाहावे. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातील सदस्य असे निवेदन सभागृहात न वाचताही ‘काँग्रेशनल रेकॉर्ड’ या तेथील कामकाजाच्या अधिकृत नोंदीत छापण्यासाठी देऊ शकतात. इतरत्र पीठासीन अधिकाऱ्यांची परवानगी आणि सभागृहाचे नियम पाहावे लागतात. तशी सोय नसल्यास निरोप समारंभात पत्र वाचून दाखवावे आणि त्याची स्वाक्षरीसह एक प्रत कर्मचाऱ्याला द्यावी. छपाईपूर्वी नाव आणि पदनाम दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्यावे; ज्याने इतरांच्या कागदांतल्या चुका काढण्यात नोकरी घालवली, त्याच्या नजरेतून ती चूक सुटणार नाही.