आधारची झेरॉक्स देण्याआधी आठ आकडे झाका

शाळा-कॉलेजच्या प्रवेशाचे दिवस आले की नागपुरात सेतू केंद्रांवर आणि आजूबाजूच्या झेरॉक्सच्या दुकानांत गर्दी उसळते. काउंटरवर फिक्या, तिरप्या निघालेल्या प्रती तशाच पडलेल्या असतात. त्यांवर नाव, पत्ता, बारा आकडे, सगळं उघडं. आपली बिघडलेली प्रत मागून घ्या आणि स्वतः फाडा. दुकानदार नाही म्हणत नाही.

त्याहून चांगला उपाय सरकारनेच दिलाय, पण फार थोडे लोक वापरतात. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर ई-आधार (आधारची पीडीएफ) डाउनलोड करताना ‘मास्क्ड आधार’ निवडा. पहिले आठ आकडे झाकले जातात, शेवटचे चारच दिसतात. हॉटेल, घरमालक यांना ओळख पटवायला एवढं पुरतं. सरकारी योजनेच्या अर्जात मात्र पूर्ण क्रमांक मागितला जाऊ शकतो.

ही पीडीएफ सायबर कॅफेत उघडली असेल तर जास्त जपा. तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार कॅपिटल इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. ओळखीच्या कुणालाही तो सहज जमेल! म्हणून डाउनलोड फोल्डरमधून फाइल काढा, रिसायकल बिनही रिकामी करा.

एरवी बोटांचे ठसे यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून ‘बायोमेट्रिक लॉक’ने बंद ठेवा, रेशन दुकानात अंगठा द्यायच्या आधी उघडा. आपलं आधार कुठे वापरलं गेलं, त्याची मागच्या सहा महिन्यांची नोंद तिथेच दिसते. अनोळखी नोंद आढळली तर यूआयडीएआयच्या 1947 या हेल्पलाइनवर फोन करा.