वाहक प्रथिन अमिनो आम्ल मोडण्यासाठीच आहे का, हे कसे ओळखावे

कोल्हापूरच्या उसाच्या शेतातल्या मातीतून मिळालेल्या जिवाणूचा जीनोम (सगळ्या जनुकांचा संच) हाती आला, की वाहकाच्या, म्हणजे पदार्थ पेशीत आणणाऱ्या प्रथिनाच्या, नावावर विसंबू नका. आधी शेजार पाहा: दोन्ही बाजूंची दहा-दहा जनुके. ई. कोलाय या जिवाणूमध्ये प्रोलिन हे अमिनो आम्ल आत आणणाऱ्या पुटपी वाहकाचे जनुक ते मोडणाऱ्या पुटए प्रथिनाच्या जनुकाला लागूनच असते. प्रोपी, प्रोयू हे वाहकही प्रोलिनच आणतात, पण खारटपणाचा ताण सोसण्यासाठी! इथेच फसगत होते.

ब्लास्टमध्ये (क्रमांची तुलना करणारी संगणकप्रणाली) ओळखीच्या वाहकाशी साम्य ४० टक्के आणि जुळणी किमान ७५ टक्के लांबीवर असावी; त्याखाली अंदाज कच्चाच समजा.

मग वाहकाचे जनुक काढून टाकलेला जिवाणू एम९ माध्यमात (मोजक्या क्षारांचे वाढद्रव्य) वाढवा. अमोनियम क्लोराइड वगळा, ग्लुकोज ठेवा, नायट्रोजनसाठी फक्त ते अमिनो आम्ल, तेही थोडेच. जास्त घातले तर दुसरे वाहक उणीव झाकतात.