मराठी मजकूर भरभर कसा वाचावा, आणि तरी तो डोक्यात कसा राहील

मिनिटाला हजार शब्द वाचायला शिकवतो असं कुणी सांगत असेल, तर पैसे खिशातच ठेवा. हा धंदा जुना आहे. अमेरिकेत एव्हलिन वूड नावाच्या शिक्षिकेने १९५९ मध्ये शीघ्रवाचनाचे वर्ग सुरू केले आणि ते इतके गाजले की पुढे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनीही तो अभ्यासक्रम केला. डोळ्यांच्या हालचालींवर आयुष्यभर काम केलेले किथ रेनर आणि त्यांचे सहकारी यांनी २०१६ मध्ये या विषयावरचं संशोधन एकत्र तपासलं. त्यांचा निष्कर्ष सरळ होता: वेग एका मर्यादेपलीकडे नेला की आकलन पडतंच. बेल्जियममधल्या गेन्ट विद्यापीठाचे मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ मध्ये १९० अभ्यासांचे आकडे एकत्र केले, तेव्हा मनातल्या मनात इंग्रजी वाचणाऱ्या प्रौढांचा सरासरी वेग माहितीपर मजकुरासाठी मिनिटाला २३८ शब्द आणि कथा-कादंबरीसाठी २६० शब्द निघाला. हजार कुठेच नाही.

वेग वाढतो, नाही असं नाही. पण तो डोळ्यांच्या कसरतीने वाढत नाही. शब्द आणि विषय ओळखीचे झाले, आणि समोरच्या कागदातलं काय वाचायची गरज नाही हे कळलं, की तो आपोआप वाढतो. पुढचं सगळं या दोन गोष्टींवर बेतलेलं आहे.

आधी स्वतःचा वेग मोजा

इंग्रजीचे आकडे मराठीला लावू नका. आपल्याकडे विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. ‘शेजाऱ्यांच्यासारखंसुद्धा’ हा मोजायला एकच शब्द, पण डोळ्याला त्यात चार शब्दांचं काम पडतं. त्यामुळे मराठीतला आकडा कमी आला तर वाईट वाटून घेऊ नका. तुमची तुलना फक्त तुमच्याशीच.

हाताशी असलेलं, न वाचलेलं आणि फार अवघड नसलेलं पुस्तक घ्या. मधल्या एखाद्या पानावरच्या दहा ओळींतले शब्द मोजून एका ओळीची सरासरी काढा. समजा ओळीत नऊ शब्द आणि पानावर तीस ओळी, म्हणजे पान २७० शब्दांचं. मोबाइलवर पाच मिनिटांचा गजर लावा आणि नेहमीसारखं वाचा. साडेतीन पानं झाली तर ९४५ शब्द, म्हणजे मिनिटाला १८९.

आता महत्त्वाचा भाग, जो बहुतेक जण गाळतात. पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा: मुख्य मुद्दा काय होता, त्याला आधार काय दिला, नावं-आकडे कोणते होते. मग पुस्तक उघडून ताडून बघा. वेगाच्या आकड्याशेजारी ‘ठीक’, ‘निम्मं’ किंवा ‘काही नाही’ असा शेरा लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक वेळी हे दोन्ही एकत्र लिहायचं. वेग वाढला आणि शेरा घसरला, तर ती प्रगती धरायची नाही.

चष्मा, अक्षर, फोन

चाळिशी उलटली असेल आणि वाचताना कपाळ दुखत असेल, तर आधी डोळे तपासून घ्या. निम्म्या लोकांचं ‘हल्ली वाचन होत नाही’ हे प्रकरण चष्म्याच्या दुकानात सुटेल, असं माझं मत आहे. देवनागरीत वर वेलांट्या-मात्रा-रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. बारीक टायपात हे सगळं एकमेकांत मिसळतं आणि डोळा अडखळतो. फोनवर वाचत असाल तर अक्षर एक आकडा मोठं करा आणि सूचनांचा टुणटुणाट बंद करा.

डोळे काय करतात, आणि त्यांना काय करू द्यावं

वाचताना नजर ओळीवरून घरंगळत जात नाही. ती उड्या मारते, थांबते, पुन्हा उडी मारते. एक थांबा साधारण पाव सेकंदाचा, आणि मजकूर कळतो तो थांब्यावरच. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे बघा. अगदी स्पष्ट दिसतं ते जेमतेम तेवढं क्षेत्र. त्यामुळे ‘पानाच्या मधोमध नजर ठेवून खाली सरकत जा, कडेचं आपोआप दिसेल’ हा सल्ला डोळ्याच्या रचनेलाच धरून नाही.

दुसरा लाडका सल्ला म्हणजे ‘मागे वळून वाचू नका’. कुशल वाचकांच्याही उड्यांपैकी दहा-पंधरा टक्के उलट्या दिशेच्या असतात. रेनर यांच्याच गटाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात वाचून झालेला शब्द लगेच झाकला जाई, म्हणजे मागे जायची सोयच उरत नसे. लोकांचं आकलन खालावलं. पडद्यावर एकेक शब्द चमकवणारी अ‍ॅप नेमकं हेच करतात. तेव्हा अर्थ निसटला म्हणून मागे जात असाल तर खुशाल जा. पण लक्ष भलतीकडे होतं म्हणून तोच परिच्छेद तिसऱ्यांदा वाचत असाल, तर तो प्रश्न वाचनाचा नाही. उठा, पाणी प्या, पाच मिनिटांनी बसा. आणि ओळी चुकत असतील तर ओळीखाली पेन्सिल सरकवत वाचण्यात काहीच कमीपणा नाही.

मनातल्या मनात शब्द उच्चारले जातात, ते थांबवायच्या भानगडीत पडू नका. ओठ हलत असतील तर ती सवय मोडा, कारण त्याने वेग बोलण्याइतकाच राहतो. आतला आवाज मात्र अवघड वाक्य समजून घ्यायला मदतच करतो.

न वाचण्याचं कसब: एक शासन निर्णय घेऊन बघू

शिक्षक, ग्रामसेवक, संस्थाचालक, पेन्शनर या सगळ्यांना शासन निर्णय वाचावा लागतो, आणि बहुतेक जण तो पहिल्या ओळीपासून वाचायला घेतात. दुसऱ्या पानावर दम लागतो. प्रत्यक्षात या कागदाची बांधणी जवळजवळ ठरलेली असते. वर विषय, खाली विभागाचं नाव, क्रमांक आणि दिनांक. मग ‘वाचा’ म्हणून आधीच्या निर्णयांची यादी. त्यानंतर ‘प्रस्तावना’, मग ‘शासन निर्णय’, शेवटी स्वाक्षरी आणि ‘प्रत’ कुणाकुणाला पाठवली त्याची लांबलचक यादी.

क्रम असा ठेवा. विषय आणि दिनांक आधी. तिथून थेट ‘शासन निर्णय’ या मथळ्यावर उडी. तो भाग नीट, सावकाश. मग परिशिष्ट असेल तर ते, कारण अटी बहुधा तिथेच लपलेल्या असतात. प्रस्तावना नंतर चाळा. ती हा निर्णय का घेतला ते सांगते, काय घेतला ते नाही. ‘वाचा’मधल्या यादीकडे जायचं ते फक्त मूळ मजकुरात ‘संदर्भ क्रमांक ३ येथील’ असं काही आलं तरच. प्रतींची यादी वाचूच नका.

आता आतलं वाक्य. नमुन्यादाखल मी एक रचतो: ‘उपरोक्त बाबी विचारात घेऊन, ग्रामीण भागातील अनुदानित माध्यमिक शाळांमधील विद्यार्थ्यांसाठी, परिशिष्ट अ मधील अटी व शर्तींच्या अधीन राहून, सन २०२५-२६ या आर्थिक वर्षात ग्रंथालय साहित्य खरेदी करण्यास याद्वारे प्रशासकीय मान्यता देण्यात येत आहे.’

डावीकडून वाचत गेलात तर शेवटपर्यंत कळत नाही की मान्यता मिळाली, नाकारली की पुढे ढकलली. मराठीत क्रियापद शेवटी येतं, आणि लांब वाक्यात तोपर्यंतचं सगळं डोक्यात धरून ठेवावं लागतं. दमछाक होते ती याचीच. म्हणून आधी वाक्याचं शेपूट बघा: ‘प्रशासकीय मान्यता देण्यात येत आहे’. मग त्याला प्रश्न विचारा. कशाला? ग्रंथालय साहित्य खरेदीला. कुणासाठी? अनुदानित, माध्यमिक, ग्रामीण, म्हणजे विनाअनुदानित शाळा बाहेर. कधी? २०२५-२६. कोणत्या अटीवर? परिशिष्ट अ. आणि या कागदांत मुरलेला माणूस आणखी एक गोष्ट टिपेल. मान्यता ‘प्रशासकीय’ आहे, निधी वितरित केल्याचं इथे कुठेही म्हटलेलं नाही. ‘पैसे आले’ असं समजून खरेदीला निघालेला मुख्याध्यापक इथेच फसतो.

‘परंतु’, ‘तथापि’, ‘वगळून’, ‘अधीन राहून’, ‘च्या मर्यादेत’, ‘यापुढे’ हे शब्द दिसले की वेग कमी करायचा. ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘याद्वारे’ यांच्यावरून नजर सरकवून पुढे जायचं. पाच-सहा शासन निर्णय असे वाचलेत की पुढचा किती लवकर हाताखालून जातो ते तुम्हीच बघाल.

अग्रलेख, अहवाल, पाठ्यपुस्तकातला धडा यांनाही हेच लागू, फक्त महत्त्वाचा भाग वेगळ्या जागी असतो. धड्यात आधी मथळे, चौकटी, आकृत्या आणि शेवटचा स्वाध्याय वाचा. अहवालात निष्कर्ष आणि तक्ते. अग्रलेखाचं म्हणणं बहुधा शेवटच्या परिच्छेदात सापडतं. आधी आढावा, मग प्रश्न, मग वाचन, मग आठवणं, मग उजळणी ही पद्धत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४६ मध्ये विद्यार्थ्यांसाठी मांडली होती. तिच्यातला पहिला आणि चौथा टप्पा पाळला तरी पुष्कळ काम होतं.

विषय ओळखीचा करून घ्या

वेगाचा खरा साठा इथे आहे, आणि शीघ्रवाचनाची शिबिरं घेणारे त्याबद्दल बोलत नाहीत, कारण तो तीन दिवसांत विकता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणाची बातमी घ्या. रेपो दर म्हणजे बँकांना रिझर्व्ह बँकेकडून अल्प मुदतीचं कर्ज ज्या दराने मिळतं तो दर, निर्णय घेणारी समिती सहा जणांची, शंभर बेसिस पॉइंट म्हणजे एक टक्का. एवढं ठाऊक नसेल तर दोन रकान्यांच्या बातमीला दहा मिनिटं लागतील आणि तरी अर्धं डोक्यावरून जाईल. ठाऊक असेल तर नजर थेट ‘पाव टक्का’ आणि ‘कपात’ या दोन शब्दांवर जाते आणि मग समितीने कारण काय दिलं ते शोधते.

म्हणून एका महिन्यात दहा विषय चाखण्यापेक्षा एकाच विषयावरचं पाच-सहा ठिकाणचं वाचा. पहिला लेख रेंगाळत जाईल, चौथा धावेल. अडलेल्या शब्दांसाठी मराठी विश्वकोश ऑनलाइन उपलब्ध आहे. त्यातली त्या विषयावरची नोंद आधी वाचली तर पुढचं बरंच सोपं जातं. इंग्रजी वाचताना वेग पडतो अशी तक्रार असणाऱ्यांनी एकच बातमी आधी मराठीत आणि मग इंग्रजीत वाचावी. आशय आधीच माहीत असल्यामुळे अडायला होतं ते फक्त शब्दांपाशी, आणि ते चटकन पाठ होतात.

पुन्हा वाचू नका, आठवून बघा

पिवळ्या हायलायटरने पान रंगवलं की काम झाल्यासारखं वाटतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांचे दोन प्रकार ताडून बघितले. काहींनी उतारा दोनदा वाचला, तर काहींनी एकदाच वाचून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने चित्र उलटलं: लिहून बघणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, दोनदा वाचणाऱ्यांना ४२. त्यामुळे प्रकरण संपलं की पुस्तक मिटायचं आणि चार ओळी लिहायच्या, किंवा घरात जो सापडेल त्याला सांगायचं. जिथे अडखळाल तेवढंच पुन्हा उघडायचं.

सराव

रोज वीस मिनिटं पुरतात. दहा मिनिटं सोपं आणि आवडीचं, नेहमीपेक्षा जरा रेटून. दहा मिनिटं अवघड, पण समजेल त्या वेगाने. आठवड्यातून एकदा पहिल्यासारखी मोजणी आणि शेरा. जमलं तर ठरावीक वेळी. एसटीत किंवा लोकलमध्ये बसायला जागा मिळत असेल तर ती वेळ उत्तम, उभ्याने मात्र अवघड वाचन होत नाही.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या सीसॅटमध्ये १२० मिनिटांत ८० प्रश्न सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट, उतारा वाचण्यासकट. उताऱ्याआधी प्रश्न वाचा, पण पर्याय वाचू नका. चुकीचे पर्याय डोक्यात बसले की उताऱ्यातही तेच दिसायला लागतात. आणि प्रश्नाचं वाक्य मात्र कधीही घाईने वाचू नका. ‘योग्य विधान ओळखा’ आणि ‘अयोग्य विधान ओळखा’ यांत एका अक्षराचा फरक आहे, आणि ‘कोणते विधान चुकीचे नाही’ हे तर मुद्दाम पाय अडकवायलाच लिहिलेलं असतं. असा शब्द दिसला की त्याभोवती पेनाने गोल करा.

जिथे वेग नकोच

कविता, औषधाच्या चिठ्ठीवरची मात्रा, कर्जाच्या अर्जातला जामीनदाराचा मजकूर, आणि सगळ्यात जास्त म्हणजे खरेदीखत. त्यातला गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा आणि नावांचं शुद्धलेखन बोट ठेवून, मोठ्याने वाचा. वाचताना सातबारा दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या आणि एकेक आकडा त्याच्याकडून बोलवून घेऊन जुळवा, मगच सहीला बसा.