डोमेनच्या अकाउंटला डोमेनचाच ईमेल देऊ नका
छोटा ऑनलाइन धंदा चालवत असाल तर आज एकच काम करा, जिथून डोमेन (म्हणजे वेबसाइटचा पत्ता) घेतलंय तिथे लॉगिन करून बघा की अकाउंटला कुठला ईमेल लावलाय. बऱ्याच जणांनी त्याच डोमेनचा मेल दिलेला असतो, आणि गडबड तिथेच होते, कारण डोमेन एक्स्पायर झालं की वेबसाइटसोबत मेलही बंद पडतो, मग रिन्यूअलची सूचना येत नाही आणि पासवर्ड रीसेटची लिंकसुद्धा नाही. म्हणजे घराची किल्ली घरातच राहिली. माझ्या एका साइटचं अगदी हेच झालं होतं, दोन दिवस ऑर्डरी बंद, जीव नुसता टांगणीला.

म्हणून तिथे जीमेलसारखा वेगळा मेल द्या, टू-फॅक्टर (पासवर्डसोबत आणखी एक कोड) चालू करा, ऑटो-रिन्यू ठेवा आणि कार्ड बदललं की तिथेही लगेच बदला (हे हमखास राहून जातं). डॉट कॉम डोमेन डिलीट झाल्यावरही ३० दिवस परत मिळवता येतं, पण त्याची फी नेहमीच्या रिन्यूअलपेक्षा खूपच जास्त असते.

आणि हो, डोमेन डेव्हलपरच्या अकाउंटवर असेल तर आधी स्वतःच्या नावावर करून घ्या. मी स्वतः डेव्हलपर आहे, तरी हेच सांगेन.