स्लायडरला हात लावण्याआधी पट्टी विचारावी : मैफलीसाठी ग्राफिक इक्वलायझर

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात भाद्रपद आला की कुठे जुन्या वाड्याच्या चौकात, कुठे गोठीतल्या (जुन्या सरदारी वस्तीतल्या) एखाद्या दिवाणखान्यात गाण्याची बैठक ठरते आणि माइक-स्पीकर भाड्याने येतात. त्या सामानात एकतीस स्लायडरांची एक लांबट पेटी असते, म्हणजे आवाजातले खालचे-वरचे पट्टे वेगवेगळे कमी-जास्त करणारा ग्राफिक इक्वलायझर, आणि ती आणणाऱ्या मुलाने वरातीच्या सवयीने डावीउजवीकडचे स्लायडर वर आणि मधले खाली असा चंद्रकोरीचा आकार आधीच करून ठेवलेला असतो. नाचाच्या गाण्याला तो आकार कदाचित चालत असेल. ख्यालाच्या बैठकीत मात्र त्याने डग्गा घुमतो, तानपुऱ्याची नुसती सरसर वर येते आणि ज्याला ऐकायला लोक जमले तो गळा मधल्यामध्ये बुडतो. मंडळाच्या वतीने त्या पेटीसमोर बसण्याची वेळ ज्यांच्यावर येते, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

पेटीचे गणित संगीत जाणणाऱ्याला लवकर समजते. कंपनसंख्या दुप्पट झाली की स्वर एक सप्तक वर जातो, आणि एकतीस पट्ट्यांच्या इक्वलायझरवर प्रत्येक सप्तकाच्या वाट्याला तीन स्लायडर येतात : 100, 125, 160, मग त्यांच्या दुपटीचे 200, 250, 315, मग 400, 500, 630, असे 20 हर्ट्झपासून 20,000 हर्ट्झपर्यंत. सप्तकात शुद्ध-विकृत मिळून बारा स्वर असल्यामुळे एकेका स्लायडरखाली साधारण चार स्वर येतात, शिवाय त्याचा परिणाम शेजारच्या पट्ट्यांतही थोडा सांडतो. म्हणून एखादाच स्वर उचलणे किंवा दाबणे या पेटीच्या आवाक्यातले नाही. स्लायडर मध्यावर असला की काहीच बदल होत नाही. काही पेट्यांवर वर-खाली 6 डेसिबल किंवा 12 डेसिबल अशी पल्ला निवडण्याची कळ असते. तिथे 6 निवडावे, म्हणजे हात जरासा हलला तरी आवाज एकदम बदलत नाही.

आता मुख्य गोष्ट. कोणताही स्लायडर हलवण्याआधी गाणारे कोणत्या पट्टीत गाणार आहेत हे बुवांना किंवा ताईंना विचारून कागदावर लिहावे. काळी चार (म्हणजे हार्मोनियमच्या चौथ्या काळ्या पट्टीवर षड्ज) असेल तर मध्य षड्ज सुमारे 208 हर्ट्झवर, म्हणजे 200 च्या स्लायडरखाली येतो, तार षड्ज 415 वर, म्हणजे 400 च्या स्लायडरखाली, आणि मधला पंचम 311 वर, म्हणजे 315 च्या स्लायडरखाली. आवाज गढूळ वाटला की 200 ते 400 कापा, असा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो पाश्चात्त्य वाद्यवृंदापुरता चुकीचाही नाही; पण काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंच्या बाबतीत तो डोळे मिटून पाळला तर त्यांचे षड्ज-पंचमच कापले जातात. काळी एकमध्ये गाणाऱ्या बुवांचा मध्य षड्ज सुमारे 139 हर्ट्झवर, म्हणजे 125 आणि 160 यांच्या सीमेवर असतो आणि तार षड्ज 277 वर, म्हणजे 250 आणि 315 यांच्या सीमेवर. तिथे कापायचे ते वेगळ्या जागी.

जोडणीत इक्वलायझर मिक्सर आणि अँप्लिफायर यांच्या मध्ये बसतो. पेटी दोन चॅनेलची असेल तर डावा-उजवा स्पीकर वेगळा करण्याच्या मोहात न पडता एक चॅनेल श्रोत्यांच्या स्पीकरांना आणि दुसरा मॉनिटरला, म्हणजे कलाकारांना स्वतःचे गाणे ऐकू यावे म्हणून त्यांच्यासमोर ठेवलेल्या स्पीकरला, द्यावा. बैठकीला स्टिरिओची फारशी गरज नसते, पण मॉनिटरची शिट्टी (त्याचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून होणारी) आणि दिवाणखान्याची घुमी हे दोन निराळे आजार आहेत आणि त्यांचे औषध एका बाटलीतून देता येत नाही.

त्याआधी माइक नीट लावलेला असला पाहिजे, कारण चुकीच्या जागी ठेवलेला माइक कोणत्याही स्लायडरने सुधारत नाही. गळ्याचा माइक तोंडापासून साधारण वीतभर अंतरावर ठेवावा. फार जवळ आला की खर्ज आपोआप फुगतो आणि मग तो कापत बसावे लागते. साधा कार्डिऑइड (मुख्यतः समोरचे ऐकणारा) माइक असेल तर मॉनिटर त्याच्या बरोबर पाठीमागे ठेवावा, कारण तिथे तो सर्वांत कमी ऐकतो. सुपरकार्डिऑइड या त्याहून अरुंद टापूतले ऐकणाऱ्या माइकची बहिरी जागा मात्र बरोबर मागे नसून मागच्या बाजूला तिरकी असते. मिक्सरवरचे लो-कटचे (अगदी खालचा आवाज अडवणारे) बटण गळ्याच्या आणि पेटीच्या माइकला दाबावे, डग्ग्याच्या माइकला दाबू नये. (पेटी म्हणजे इथे हार्मोनियम. दोन्ही पेट्यांचा हा घोळ मैफलीच्या घाईत खरोखर होतो. मी ‘पेटी कमी करा’ ऐकून भलतीच पेटी बंद केलेली आहे.)

सुरुवात मॉनिटरपासून करावी. सगळे स्लायडर मध्यावर आणावेत, मंचावरच्या माणसांना कल्पना द्यावी आणि गळ्याच्या माइकचा आवाज मॉनिटरमध्ये अगदी सावकाश वाढवत न्यावा, दुसरा हात फेडरवरच (मिक्सरवरच्या आवाज कमी-जास्त करण्याच्या दांडीवर) ठेवून. एका क्षणी माइक गुणगुणू लागेल. तिथेच थांबून तो सूर कोणत्या स्लायडरखालचा आहे ते ओळखावे, तो स्लायडर 3 डेसिबल खाली घ्यावा आणि पुन्हा वाढवावे. सूर ओळखण्यासाठी आपलेच स्वर उपयोगी पडतात : शिट्टीचा रंग ‘ऊ’ सारखा असेल तर 250 च्या आसपास शोधावे, ‘ओ’ सारखा असेल तर 500, ‘आ’ असेल तर 1000, ‘ए’ असेल तर 2000 आणि कानाला टोचणारी ‘ई’ असेल तर 3000 ते 4000. ज्याला हार्मोनियमवर सूर धरता येतो त्याचे काम आणखी सोपे होते, कारण काळी चारचा तार षड्ज जुळला तर 400 चा स्लायडर, हे गणित वर आलेच आहे. अशा तीन-चार जागा सापडल्या की थांबावे. पाचवी-सहावी जागा शोधत गेल्यास पुढे-पुढे सगळेच कापले जाते आणि शेवटी उरतो तो नुसता कमी आवाज, जो फेडर खाली घेऊनही मिळाला असता. शेवटी मॉनिटर शिट्टीच्या उंबरठ्यापासून निदान 6 डेसिबल खाली आणून ठेवावा, कारण गाणारे रंगात आले की माइककडे झुकतात.

मग श्रोत्यांचे स्पीकर. इथे बहुतेकांचे काम बिघडते ते तानपुऱ्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. पंचमात लावलेला तानपुरा चांगला जुळला की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो. हा स्वयंभू गंधार त्या तारेच्या पाचपट कंपनसंख्येवर असतो. काळी एकच्या तानपुऱ्याचा खर्ज सुमारे 69 हर्ट्झचा, म्हणून त्याचा गंधार 346 च्या आसपास, म्हणजे 315 च्या स्लायडरच्या हद्दीत येतो. काळी चारच्या जनाना तानपुऱ्याचा खर्ज 104 हर्ट्झचा, म्हणून गंधार 519 वर, म्हणजे 500 च्या स्लायडरखाली. एका बैठकीत मी गढूळपणा काढायचा म्हणून 250 आणि 315 दोन्ही चांगले 8 डेसिबल खाली ओढले होते. आवाज काचेसारखा स्वच्छ झाला, आणि गाणाऱ्या बुवांनी विलंबित सुरू होण्याआधीच मागे वळून तानपुरा पुन्हा जुळवायला घेतला. तानपुरा जुळलेलाच होता. त्या दिवसापासून माझी पद्धत अशी आहे : आधी फक्त तानपुरा स्पीकरमधून ऐकावा, स्वयंभू गंधार कानात पकडावा, आणि नंतर गळ्यासाठी जे काही कापायचे ते कापताना तो गंधार जिथे नाहीसा होऊ लागतो त्याच्या अलीकडे थांबावे. बहुधा 2 ते 4 डेसिबलमध्ये काम भागते.

वरच्या टोकाला दोन जागा तपासाव्यात. हार्मोनियमचा कर्कशपणा 2000 ते 4000 च्या दरम्यान असतो, पण त्याच टापूत शब्दांची स्पष्टता आणि तबल्याच्या चाटेची (काठाची) धारही असते, म्हणून तो शक्यतो मिक्सरवर हार्मोनियमच्याच चॅनेलमधून कमी करावा. ग्वाल्हेर गायकीतला खुला, भरीव ‘आ’कार तार सप्तकात गेला की 2500-3150 चे स्लायडर मध्यावर असूनही पुरेसे तेज देतो. तिथे आणखी वाढ केली तर तान ऐकताना पहिल्या रांगेतली मंडळी मान मागे घेतात. ‘स’ आणि ‘श’ फार फुसफुसत असतील तर 6300 किंवा 8000 किंचित खाली घ्यावा.

वर ढकलण्याबाबत माझे मत कडक आहे. एखादा पट्टा 3 डेसिबल वाढवला की त्या पट्ट्यात अँप्लिफायरला दुप्पट शक्ती द्यावी लागते, 10 डेसिबल वाढवला की दहापट. ‘भैया, थोड़ा बेस बढ़ा दूँ?’ असे विचारणाऱ्या मुलाला हे सांगून पाहावे. डग्ग्याच्या प्रत्येक घुमाऱ्याला अँप्लिफायरचा लाल दिवा लागलेला त्याला दाखवता येतो. कमी वाटणारे वाढवण्यापेक्षा जास्त वाटणारे कमी करावे आणि मग एकूण आवाज गरजेपुरता वर घ्यावा.

जागेचाही एक स्वर असतो. दोन समांतर भिंतींमध्ये पाच मीटर अंतर असेल तर ध्वनी सेकंदाला सुमारे 345 मीटर जातो या हिशेबाने त्या खोलीत सुमारे 35 हर्ट्झ आणि त्याच्या पटींत नाद घुमतो, म्हणजे 69 हर्ट्झवरही, जो नेमका काळी एकच्या तानपुऱ्याचा खर्ज आहे. अशा दिवाणखान्यात 63 आणि 80 चे स्लायडर थोडे खाली घ्यावे लागतात, आणि ते घेताना खोलीत फिरून ऐकावे, कारण हा घुमारा भिंतीजवळ जास्त आणि काही ठिकाणी जवळजवळ शून्य असतो. उघड्या मंडपात हा प्रश्न पडत नाही. दगड-चुन्याच्या भिंतींचा लांब निनाद मात्र इक्वलायझरने जात नाही. त्यासाठी भिंतीवर सतरंज्या लावणे, स्पीकर श्रोत्यांच्या जवळ आणणे आणि एकूण आवाज कमी ठेवणे हेच उपाय आहेत.

रिकाम्या खोलीत लावलेला आवाज माणसांनी भरल्यावर मंद वाटतो, कारण कपडे आणि शरीरे वरच्या कंपनसंख्यांचा आवाज अधिक शोषतात. म्हणून चाचणीच्या वेळी वरचे स्लायडर फार कापू नयेत, आणि नांदी किंवा पहिला ख्याल सुरू झाल्यावर, लोक बसल्यानंतर, एकदा शेवटच्या रांगेत जाऊन ऐकावे. त्यानंतर बैठक संपेपर्यंत इक्वलायझरपासून हात दूर ठेवावा. द्रुतात तबला वर आला तर तो फेडरवर सांभाळावा.

भैरवी संपली की स्लायडरांचा फोटो काढून घ्यावा आणि त्याखाली जागा, पट्टी आणि श्रोत्यांची अंदाजे संख्या लिहावी. नंतर आधी अँप्लिफायर बंद करावा, मग इक्वलायझर, मग मिक्सर; चालू करताना नेमके उलटे, अँप्लिफायर सर्वांत शेवटी, नाहीतर होणारा धडाका स्पीकरचा पडदा फाडू शकतो.