जालना रोडवर जालना सापडणार नाही

संभाजीनगरात राहायला येताय ना, मग चौकातल्या पाट्यांवर फार विसंबू नका. रिक्षावाल्याला "महावीर चौक" म्हणालात तर तो तुमच्याकडे बघत राहील. मग म्हणेल, "बाबा पंप बोलो ना, साहब." इथले चौक पंपाच्या, हॉटेलाच्या, डेअरीच्या नावाने ओळखले जातात: बाबा पंप, अमरप्रीत, दूध डेअरी. मी मूळचा चिपळूणचा, बदलीवर आलो आणि इथलाच झालो. पण कोकणवाडीत मला अजून एकही कोकणी भेटलेला नाही.

"जालना रोडला आहे" हा काही पत्ता नव्हे. क्रांती चौकापासून पार केंब्रिज चौकापर्यंत कुठेही असू शकतं. कुठल्या चौकाजवळ, ते आधी विचारून घ्या. कोर्टाचं काम असेल तर आणखी जपा: जिल्हा न्यायालय अदालत रोडला, हायकोर्टाचं खंडपीठ जालना रोडला.

बीड बायपास केला शहर चुकवायला, पण शहरच त्याच्या पुढे जाऊन बसलं. आता तिथे मंगल कार्यालयं, लॉन्स आणि लग्नसराईत वराती. शहर खरोखर टाळायचं असेल तर सोलापूर-धुळे महामार्गाचा नवा बायपास आणखी दक्षिणेला आहे.

बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात. उभे आहेत त्यातले थोडेच. मलिक अंबरने १६१२ मध्ये बांधलेलं भडकल गेट मात्र आवर्जून बघा. दिल्ली गेट उत्तरेला, पैठण गेट दक्षिणेला, इथवर नावं सरळ आहेत. पण पैठण गेटला उभं राहून पैठणची एसटी मिळायची नाही, मोबाइलचं कव्हर मिळेल. एसटी मध्यवर्ती बसस्थानकावरून सुटते. स्वतःची गाडी असेल तर महानुभाव आश्रम चौकातून वळा. कटकट गेटच्या नावाला हसू येत असेल, तर संध्याकाळी तिथून चारचाकी काढून दाखवा.

खरी गंमत सिडकोत. एन-वन, एन-टू असे आकडे बघून वाटतं, ओळीने चालत गेलं की झालं. छे! एन-वन जालना रोडच्या उत्तरेला, एन-टू, एन-थ्री, एन-फोर दक्षिणेला, आणि एन-फाइव्हसाठी पुन्हा रस्ता ओलांडायचा. त्यामुळे घरमालकाने नुसतं "सिडको, एन-फोर" म्हटलं तर जवळचं मंदिर, शाळा, काहीतरी विचाराच. पार्सलवाल्यालाही तेच सांगा. प्लॉट नंबर शेवटी.

वाळूज एमआयडीसीत नोकरी लागली असेल तर अजून एक. तिथे पंढरपूर आहे. सोलापूरकडचं नव्हे, नगर रोडवरचं, लोक त्याला छोटं पंढरपूरही म्हणतात. आषाढीला तिथेही विठोबाच्या दर्शनाला तोबा गर्दी असते, तेव्हा त्या दिवशी फर्स्ट शिफ्ट असेल तर घरून लवकर निघा.